जाड शाफ्ट टाकण्याआधी जुना तुकडा बघा: फोर बाय फोर पिकअपच्या ट्रान्सफरचा इनपुट शाफ्ट वारंवार जातो तेव्हा

लक्षणं

ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी, आणि इनपुट शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सकडून तिच्यात ताकद आणणारा दांडा. तो जायला लागला की क्लच सोडताना सीटच्या बरोबर खालून ‘खट्’ असा आवाज येतो. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की तोच आवाज. महिना-दोन महिने एवढंच चालतं. मग एखाद्या चढावर गाडी क्षणभर ओढ सोडते आणि हिसका देऊन पुन्हा पकडते. शेवटी एक दिवस इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला, आणि गाडी जागची हलत नाही. टू व्हीलमध्ये (फक्त मागची चाकं) नाही, फोर हायमध्ये (चारही चाकं) नाही, फोर लोमध्येही (चारही चाकं, वेग कमी, ओढ जास्त) नाही.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं आहे. मागचा प्रोपेलर, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, तुटला तर फोर हायमध्ये पुढची चाकं ओढतात. पुढच्या प्रोपेलरला ताकद देणारी आतली चेन तुटली तर गाडी टू व्हीलमध्ये चालते. आतले गिअर सरकवणारा फोर्क अडकला तर सहसा हाय किंवा लो यांतलं एक तरी मिळतं. तिन्ही एकदम गेलं म्हणजे ताकद पुढे-मागे वाटली जाण्याच्या आधीच कुठेतरी तुटलंय: क्लच, गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफरचा इनपुट शाफ्ट. क्लच संपत आलेला असेल तर बहुतेक वेळा आधी काही दिवस चढावर जळका वास येतो. वास नाही, गिअर सगळे नीट पडतायत, आणि दोन्ही प्रोपेलर फिरत नाहीत, तर संशय शाफ्टवर.

पुढे काहीही तपासण्याआधी एक गोष्ट. इनपुट शाफ्टचे दाते गेलेली गाडी गिअरमध्ये घालून उभी केली तरी उतारावर थांबत नाही, कारण चाकं आणि इंजिन यांचा संबंधच सुटलेला असतो. घाटात इंजिनचा ब्रेकही मिळत नाही, सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये असला तरी तेच. म्हणून सपाट जागा, हँडब्रेक, आणि चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या तोंडावरच असतो. तिथे प्रोपेलर सोडला की हँडब्रेकही गेला. तिथे भरवसा फक्त गुटक्यांचा.

माझी शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या फोर बाय फोर पिकअप आणि जुन्या जीपगाड्या पावसाळ्यात आणि उसाच्या हंगामात माझ्याकडे येतात. दुसऱ्यांदा शाफ्ट गेला की गाडीवाल्याचं एकच म्हणणं असतं, “मिस्त्री, जाड शाफ्ट टाका आणि एकदाच मिटवा.” मी जाड शाफ्ट टाकलेत, अजूनही टाकतो. पण जेवढ्या गाड्या या मागणीने आल्या त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा शाफ्ट कमजोर नव्हताच. तो कोरडा होता, वाकड्या जोडात फिरत होता, किंवा मुळात आवाज त्याचा नव्हता. म्हणून खालच्या क्रमाने चला. पहिल्या काही गोष्टींना पैसे लागत नाहीत.

टायर आणि फोर व्हीलची सवय

चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि योग्य हवेचे आहेत का ते बघा. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये, म्हणजे गरजेपुरती चारही चाकं जोडणाऱ्या गाडीत, पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शिअल मध्ये नसतं, त्यामुळे फोर हाय टाकला की पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकमेकांना बांधले जातात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील आणि व्यासात दोन सेंटीमीटरचा फरक पडला, तर प्रत्येक फेऱ्याला सहा सेंटीमीटरहून जास्त अंतराचा फरक पडतो. ओल्या शेतात चाक घसरून तो फरक निघून जातो. डांबरावर तो जायला जागा नाही. ताण आत साठत जातो आणि मग एकदम सुटतो. तो सुटतानाचा आवाज अगदी शाफ्टच्या खटकेसारखा असतो.

हा ताण चेनवर, पुढच्या आउटपुटवर आणि क्रॉसवर (प्रोपेलरच्या लवत्या जोडावर) येतो, इनपुट शाफ्टवर थेट येत नाही. म्हणजे या कारणाने खटक येत असेल तर नवा इनपुट शाफ्ट टाकूनही ती जाणार नाही. डांबरी रस्त्याला लागल्यावर फोर हाय काढून दोन दिवस गाडी चालवा. आवाज गेला तर काम झालं.

लिव्हरवरून ओळख

हीसुद्धा फुकट तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. फक्त ट्रान्सफरला न्यूट्रल असलेली गाडी हवी.

गाडी उभी, गिअरबॉक्स न्यूट्रल, इंजिन चालू, क्लच सोडलेला. आता आवाज येत असेल तर तो गिअरबॉक्सचा किंवा क्लचचा आहे, कारण गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरत नाही, म्हणजे ट्रान्सफरही थांबलेला आहे. मग ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये घ्या, गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरमध्ये घाला आणि क्लच हळू सोडा. आता इनपुट शाफ्ट फिरतोय, पण पुढचे आउटपुट आणि प्रोपेलर फिरत नाहीत. घरघर किंवा खरखर इथे नव्याने सुरू झाली तर बहुतेक इनपुटचं बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग. इथे शांतता आहे आणि गाडी चालतानाच आवाज येतो, तर कारण आउटपुटला किंवा प्रोपेलरला. गुटके लावलेले असू द्या आणि गाडीखाली कोणीही नको, लहान पोरं तर आसपाससुद्धा नकोत.

ऑइल

गाडी सपाटीवर घ्या. आधी वरचा, भरायचा नट सोडा, मगच खालचा. वरचा नट जाम असेल आणि तुम्ही खालून ऑइल काढून बसलात तर भरणार कुठून? पातळी साधारण वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवी. बोट आत घालून बघा.

कमी असेल तर गळती शोधा. जास्त असेल तर जास्त लक्ष द्या. ट्रान्सफरमध्ये ऑइल वाढलंय, गिअरबॉक्समध्ये घटलंय आणि बाहेर एक थेंब नाही, म्हणजे दोघांच्या मधलं सील गेलंय. कोरडा चाललेला गिअरबॉक्स स्वतःची बेअरिंग खातो, त्याचा मागचा शाफ्ट हलायला लागतो आणि ती हालचाल थेट इनपुटच्या दात्यांवर येते. दोन्हीकडे वेगळ्या जातीचं ऑइल असलं तर मिसळून दोन्ही बिघडतात. सील स्वस्त असतं, पण ते बदलायला ट्रान्सफर उतरवावा लागतो. म्हणून लोक पुढच्या खेपेला बघू म्हणतात आणि पुढच्या खेपेला शाफ्ट घेऊन येतात.

रंग बघा. दुधाळ, चहासारखं ऑइल म्हणजे आत पाणी. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या, पण त्यासाठी महापूरच लागतो असं नाही. तापलेला ट्रान्सफर ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेला ये-जा करू देणारी, नळी चिखलाने बुजलेली असेल तर ती हवा सीलच्या कडेने आत ओढली जाते आणि सोबत पाणी येतं. ब्रीदरची नळी फुंकून बघा, मोकळी नसेल तर साफ करा. नदी-ओढे ओलांडणाऱ्या गाडीला मी ती नळी लांब करून वर बॉनेटखाली नेऊन बांधतो. रबरी नळी आणि दोन क्लिपा एवढ्याच खर्चात हे होतं.

खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा चिकट करडा लेप ही रोजची झीज आहे. सुईसारखे कण किंवा नखाएवढा चपटा तुकडा मिळाला तर गाडी तिथेच थांबवा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

क्रॉस, सरकता जोड, फाउंडेशन

प्रोपेलर दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये हालचाल दिसली तर क्रॉस गेला. प्रोपेलरचा सरकता जोड कोरडा असेल तर गाडी थांबताना आणि निघताना ‘खट्’ वाजते, आणि माझ्याकडे ‘इनपुट शाफ्ट गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं. ग्रीसगन घ्या, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरा, आणि एक फेरी मारून या.

मग फाउंडेशन. ट्रान्सफरखालचं रबर फाटलंय का, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर यांच्या जोडाचे बोल्ट ढिले आहेत का? पान्याने एकेक बोल्ट तपासा. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि ट्रान्सफरचा इनपुट यांची मध्यरेषा एकच राहिली पाहिजे. बोल्ट ढिले झाले की ट्रान्सफर स्वतःच्या वजनाने किंचित खाली झुकतो आणि प्रत्येक फेऱ्याला दाते एकमेकांवर केसाएवढे सरकतात. उसाच्या शेतातली सरी-वरंबे तुडवत चाललेल्या पिकअपमध्ये हे फार लवकर होतं. असा घासलेला शाफ्ट कितीही जाड करा, जोड सरळ केल्याशिवाय तोही तसाच झिजेल.

खडूची खूण

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर मागचा प्रोपेलर सोडा. इंजिन बंद, गिअरबॉक्स गिअरमध्ये, ट्रान्सफर टू व्हीलला. मागच्या फ्लँजवर (प्रोपेलर जिथे बोल्टने जोडतो त्या चकतीवर) आणि समोरच्या बॉडीवर खडूने रेघ मारा आणि फ्लँज हाताने दोन्ही बाजूंना फिरवा. थोडी हालचाल प्रत्येक गाडीत असते, कारण गिअरबॉक्समधले गिअर, स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब दाते) आणि ट्रान्सफर या सगळ्यांचा खेळ त्यात मिळून येतो. त्यामुळे मी आकडा सांगत नाही. त्याच मॉडेलची एखादी धडधाकट गाडी बघा आणि तिच्याशी ताडा. दुपटीने फरक असेल तर ट्रान्सफर उतरवणं आलं.

ट्रान्सफर उतरवल्यावर

घरच्या घरी करणाऱ्यांनी बहुतेक इथेच थांबावं. ॲल्युमिनियमचा ट्रान्सफरसुद्धा एका माणसाच्या हातात पेलत नाही, बिडाचा तर नाहीच. छातीवर घेऊन उतरवण्याचा नाद करू नका. गिअरबॉक्सचा जॅक आणि भक्कम घोड्या असतील आणि सोबत दुसरं माणूस असेल तरच हात घाला.

आता जुना शाफ्ट. पुढे काय करायचं ते हा तुकडा सांगतो.

दाते सगळीकडून सारखे पातळ झालेत, नख फिरवलं तर पायरी लागते, आणि जोडात गंजासारखी तांबूस भुकटी आहे: कोरड्या स्प्लाइनचं घासणं. धातूची बारीक धूळ निघते, ती हवेने गंजते आणि तीच पुढे कानशीसारखं काम करते. ताकद कमी पडल्याचं हे लक्षण नाही. त्याच मापाचा नवा शाफ्ट घ्या, जोड सरळ करा, आणि जिथे स्प्लाइन कोरडी चालते तिथे मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा. ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या स्प्लाइनला ग्रीस लागत नाही.

दाते दोरीच्या पिळासारखे वळलेत: शाफ्टला त्याच्या ताकदीबाहेर पीळ बसलाय. जाड शाफ्टचा विचार या गाडीसाठी योग्य आहे.

शाफ्ट तुटलाय, आणि तुटलेल्या तोंडाचा एक भाग गुळगुळीत, त्यावर तळ्याच्या काठाला उमटतात तशा रेघा, उरलेला भाग खडबडीत: हा तडा आधीपासून हळूहळू वाढत होता. त्याची सुरुवात बहुतेक वेळा सर्क्लिपच्या (अडकवायच्या कडीच्या) खाचेत, ऑइलच्या भोकाशी किंवा जिथे व्यास एकदम बदलतो त्या कोपऱ्यात असते. नवा शाफ्ट करवताना तो कोपरा गोल ठेवायला सांगा आणि तिथे टूलचे ओरखडे राहू देऊ नका. व्यास न वाढवताही आयुष्य वाढतं.

आणि तिरकस, स्क्रूसारख्या वळणात तुटला असेल तर? शाळेतला खडू दोन्ही हातांनी पिळून तोडा, तो असाच तिरका तुटतो. खडू ठिसूळ आहे म्हणून. शाफ्ट एकाच झटक्यात तसा तुटला तर बहुतेक तोही ठिसूळ झाला होता, हीट ट्रीटमेंट बिघडलेली असावी. चिवट पोलाद पिळून तुटलं तर तोंड साधारण सपाट, आडवं निघतं.

जाड शाफ्ट खरंच हवा असेल तर

इनपुट शाफ्टवर येणारा पीळ म्हणजे इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरबॉक्सचा गिअर. इंजिन 200 न्यूटन मीटरचं आणि पहिला गिअर 4 चा धरला तर 800. क्लच झटक्यात सोडला तर फिरत्या फ्लायव्हीलचा तडाखा त्यावर आणखी. लोची साधारण अडीच पट घट इनपुटच्या पुढे होते, म्हणून चाकाला तेवढीच ओढ द्यायला लोमध्ये इनपुटवर निम्म्याहूनही कमी पीळ पडतो. गुऱ्हाळावरच्या चिखलात रुतलेली भरलेली पिकअप हायमध्ये पहिला किंवा रिव्हर्स टाकून, क्लच सोडून-सोडून काढतात, तेव्हा शाफ्ट मरतो. लो टाकून हळू काढली तर त्याच गाडीत तोच शाफ्ट टिकतो. लोमुळे शाफ्ट तुटतो म्हणून लो न वापरणारे ड्रायव्हर मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

व्यासाचा फायदा मोठा असतो. भरीव शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनात वाढते, म्हणजे 30 मिलिमीटरचा 33 केला तर सुमारे एक तृतीयांश जास्त. दात्यांची संख्या वाढली म्हणजे आपोआप मजबूत झाला असं नाही. बारीक दात्यांमुळे खाच उथळ होते आणि मधला गाभा जाड राहतो, फायदा त्या गाभ्याचा.

पण बऱ्याच ट्रान्सफरमध्ये इनपुट हा पोकळ असतो आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट त्याच्या आत शिरतो. तिथे इनपुट कितीही मजबूत केला तरी आतला गिअरबॉक्सचा शाफ्ट तेवढाच राहतो. पुढच्या वेळी तो तुटेल, आणि तो बदलायला अख्खा गिअरबॉक्स खोलावा लागेल. म्हणून दोन्ही मिळून बदलायचे, नाहीतर दोन्ही तसेच ठेवायचे.

ऑर्डर देण्याआधी मापं घ्या: दात्यांची संख्या, बाहेरचा आणि मुळाचा व्यास, बेअरिंगची आतली-बाहेरची मापं, सीलचं माप, गिअरबॉक्सच्या तोंडापासून शाफ्ट किती बाहेर येतो ती लांबी, आणि आउटपुट शाफ्टचं टोक इनपुटच्या पोटात ज्या पायलट बेअरिंगवर फिरतं त्याचं भोक. इनपुटवर गिअर असेल तर त्याचे दाते आणि त्यांचा तिरकेपणा जसाच्या तसा हवा. मापं व्हर्निअरने दोनदा घ्या, बेअरिंगच्या जागा मायक्रोमीटरने.

कोल्हापुरात शाफ्ट करवून घेणं अवघड नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे टर्निंग, हॉबिंग (दाते पाडणं), ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट सगळं होतं. धातू मात्र तुम्ही सांगा. ईएन 8 मध्ये केलेला शाफ्ट स्वस्त पडतो आणि या कामाला पुरत नाही. ईएन 24 टफन (भट्टीत तापवून मजबूत आणि चिवट) करून, किंवा ईएन 353, ईएन 36, 20एमएनसीआर5 यांपैकी एक घेऊन केस हार्डनिंग. केस हार्डनिंगला वरचा थर 58 ते 62 एचआरसी (कडकपणाचं माप) आणि आतला गाभा त्याहून बराच मऊ, म्हणजे चिवट. भट्टीत शाफ्ट थोडा वाकतोच, म्हणून बेअरिंगच्या जागांचं ग्राइंडिंग नंतर. हार्डनेस मोजून कागदावर लिहून घ्या.

झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंग भरून पुन्हा दाते पाडणं हे स्वस्त म्हणून अजून चालतं. करू नका. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि शाफ्ट तिथेच तुटतो.

बसवताना जॅकवरचा ट्रान्सफर हाताने पुढे सरकवा आणि मागची फ्लँज हळू फिरवत राहा, स्प्लाइन आपोआप बसते. दोन तोंडांत फट असताना बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, केसिंगचा कान तुटतो. फट मिटत नसेल तर ट्रान्सफर मागे घ्या आणि कुठे अडलंय ते बघा. 500 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा आणि ऑइल बदला.

थांबायचं कधी

ऑइलमध्ये धातूचे तुकडे मिळाले तर. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट हाताने वर-खाली हलत असेल तर. बेअरिंग प्रेसवर काढायचं असेल, शिम (पातळ चकत्या) घालून एंड प्ले (शाफ्टचा पुढे-मागे खेळ) बसवायचा असेल, किंवा ट्रान्सफर इलेक्ट्रिक मोटरवर शिफ्ट होणारा असेल तर. गाडी वॉरंटीत असेल तर केसिंगचा एक बोल्टही सोडू नका. आणि गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात गाडीने ओढ सोडली तर तपासणी तिथे नको. गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन चाकांना दगड लावा, माणसं उतरवा आणि क्रेन बोलवा. दोरी बांधून घाट उतरवू नका.

मिस्त्रीकडे जाताना जुना शाफ्ट न धुता फडक्यात गुंडाळून न्या. तुटलेली दोन तोंडं एकमेकांवर जुळवून बघायचा मोह होतो. तेवढं करू नका, त्यावरच्या बारीक रेघा पुसल्या जातात आणि शाफ्ट कशाने तुटला हे मग कोणालाच सांगता येत नाही.